अद्भुताचा पुढचा भाग

बारा ते सोळा वर्षांच्या वाचकासाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबरीची परीक्षा दुसऱ्या भागात होते. पहिल्या भागात नवे जग उभे करायचे असते आणि नवलाईच्या जोरावर बरेच काही खपून जाते. दुसऱ्या भागाला ती सवलत नाही. वाचक तोवर वर्षा-दोन वर्षांनी मोठा झालेला असतो, जादूचे नियम त्याला पाठ असतात, आणि त्या जादूची किंमत कोण मोजतो, हे तो विचारू लागतो. ज्या लेखकापाशी याचे उत्तर असते त्याची मालिका टिकते.

२०२५ या एका वर्षात इंग्रजीत कल्पित जगांचे तीन मोठे पुढचे भाग आले. जानेवारीत रिबेका यॅरोसचे ‘ऑनिक्स स्टॉर्म’, मार्चमध्ये सुझन कॉलिन्सचे ‘सनराइज ऑन द रीपिंग’ आणि ऑक्टोबरमध्ये फिलिप पुलमनचे ‘द रोझ फील्ड’. तिन्ही पुस्तके बंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवरल्या दुकानांतून आणि कुरियरच्या खोक्यांतून मारतहळ्ळीतल्या मराठी घरांतही पोचली. आउटर रिंग रोडच्या या पट्ट्यात पुणे, नाशिक, कोल्हापूर, बेळगावहून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे गेली वीस-पंचवीस वर्षे राहत आहेत. अशा घरातले मुलांचे पुस्तकांचे कपाट साधारण एकाच पद्धतीने लागलेले असते. खालच्या कप्प्यात माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तके, ‘किशोर’चे काही अंक, आजोबांनी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेला फास्टर फेणेचा संच. त्यावर हॅरी पॉटरचे सात भाग, पर्सी जॅक्सन, रोशनी चोक्शीची पाच भागांची ‘आरू शाह’. मराठी कप्पा अकराव्या वर्षापाशी संपतो. एकदम ‘ययाती’ आणि ‘मृत्युंजय’ येतात ते आईच्या कपाटात. मधल्या पाच वर्षांत मराठीने या मुलांसाठी काय ठेवले आहे, हा प्रश्न गंभीर आहे आणि त्याची जबाबदारी मुलांवर किंवा इंग्रजी शाळांवर ढकलून चालणार नाही. पुण्यातल्या कपाटाची मांडणीही फार निराळी नसते.

याची मुळे जुनी आहेत. ‘यमुनापर्यटन’ बाजूला ठेवले तर मराठी कादंबरीची पहिली काही दशके अद्भुताचीच होती. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. पुढे १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ आली आणि मराठी कादंबरी प्रौढ झाली. त्या प्रौढपणाबरोबर एक दुष्परिणामही आला. ‘अद्भुतरम्य’ हे विशेषण टीकाकारांच्या तोंडी दूषण होऊन बसले. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ पासून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, गो. ना. दातारांची पुस्तके वाचनालयांतून अक्षरशः झिजली, पण समीक्षेने दोघांकडेही बालिश करमणूक म्हणूनच पाहिले. ज्या प्रकाराला समीक्षा मिळत नाही त्याला शहाणे संपादकही मिळत नाहीत, आणि संपादकाशिवाय तीन भागांची कादंबरी उभी राहत नाही.

अपवाद एक आहे आणि तो फार मोठा आहे. ‘चांदोबा’. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून सुरू केलेल्या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ पासून निघू लागली. त्यातल्या लांबलचक अद्भुत धारावाहिका तेलुगू लेखक दासरि सुब्रह्मण्यम यांच्या. त्यांचे नाव मात्र अंकात नसे. खड्गवर्मा आणि जीवदत्त ही जोडी आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी मराठी वाचकांना नावानिशी आठवते. वाळूचे प्रदेश, उद्ध्वस्त मंदिरे, मांत्रिकांची भांडणे, नरभक्षकांच्या टोळ्या, आणि पानाच्या डोक्यावर ‘चित्रा’ या चित्रकाराची ठसठशीत रेषा. या कथांचे जग कोणत्याही पुराणातून उचललेले नव्हते. राजे होते, पण इतिहासातले नव्हते. देवदेवता होत्या, पण त्या त्या जगातल्याच. नायकांना प्रत्येक मुक्कामावर काहीतरी सोडून द्यावे लागे. महिनाभर थांबून मूल पुढचे प्रकरण वाचे, आणि काही काळाने धारावाहिका नीट संपे. कानडी ‘चंदमामा’तही याच कथा असत, म्हणजे मारतहळ्ळीच्या एखाद्या इमारतीत मराठी आजी आणि तिची कानडी शेजारीण यांनी लहानपणी एकच धारावाहिका दोन लिप्यांत वाचलेली असू शकते. कल्पित जगाची अखिल भारतीय कुमार कादंबरी इथे तयार होत होती. तिला पुस्तकरूप देऊन, लेखकाचे नाव छापून पुढे नेण्याचे काम मराठीत झाले नाही. २०१३ मध्ये मासिकच थांबले.

भा. रा. भागवतांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती देणारा हा लेखक. त्याचा फास्टर फेणे वीस पुस्तके सायकल हाकतो, ‘ट्टॉक’ करतो आणि प्रत्येक वेळी वाचकाला जिंकतो. पण ती साहसकथा आहे, अद्भुत नव्हे, आणि मुख्य म्हणजे ती माळ आहे. फास्टर म्हणजेच बनेश फेणे प्रत्येक पुस्तकात विद्याभवन शाळेचाच विद्यार्थी राहतो. ‘जवानमर्द फास्टर फेणे’त तो चीनच्या आक्रमणाच्या काळात सीमेपर्यंत जातो, पण पुढच्या पुस्तकात युद्ध पाहून आलेल्या मुलाची एकही खूण त्याच्यावर दिसत नाही. दहा वर्षांच्या वाचकाला हे हवेच असते. चौदा वर्षांच्या वाचकाला ते पुरत नाही, कारण तो स्वतः बदललेला असतो. मराठी प्रकाशकांनी मालिका म्हणजे हेच, असे कायमचे ठरवून टाकले. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडेही याच वाटेने गेला.

नारायण धारप मोठ्यांसाठी लिहीत, पण वाचनालयातून त्यांना बारा वर्षांची मुलेच पळवत. त्यांच्या ‘समर्थ’ या नायकाच्या कथांत सामर्थ्य बाहेरून मिळते आणि कथा संपताच हिशेब मिटतो. भीती उत्तम, वाढ नाही. अमीश त्रिपाठींची ‘मेलुहाचे मृत्युंजय’ पासूनची त्रयी म्हणजे ओळखीच्या नावांना चढवलेला नवा वेश. ड्रॅगनवर बसून प्रेमात पडणाऱ्यांच्या सध्याच्या लाटेबद्दल सांगण्यासारखे काही नाही. पाओलिनीची ‘एरागॉन’ मालिकाही आता वाचवत नाही.

खरा पुढचा भाग कसा असतो, हे अर्सुला ले ग्विनने दाखवले. तिच्या अर्थसी मालिकेची पहिली तीन पुस्तके १९६८ ते १९७२ या काळातली. नायक गेड हा महामांत्रिक, आणि तिसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस जग वाचवताना त्याची सगळी शक्ती खर्च होते. मालिका तिथेच संपली असती तरी कोणी तक्रार केली नसती. १९९० मध्ये ‘तेहानू’ आले. त्यात गेड आहे, पण शक्तीविना. तो शेळ्या राखतो. नायिका तेनार मध्यमवयीन विधवा आहे, तिच्यापाशी भाजून विद्रूप झालेली एक पोर आहे, आणि पुस्तकभर प्रश्न हा की ज्या जगाची जादू केवळ पुरुषांच्या हाती होती त्या जगात घर, शेत आणि जखमी मूल कोण सांभाळत होते. पहिल्या तीन पुस्तकांत वाचकाने जे आनंदाने मान्य केले होते तेच चौथ्याने तपासायला काढले. लेखिका वीस वर्षांनी मोठी झाली होती आणि वाचकही.

पुलमननेही हेच केले, अधिक कठोरपणे. ‘द सटल नाइफ’मध्ये विल या मुलाच्या हाती एक सुरी येते. तिने हवा कापली की दुसऱ्या जगात खिडकी उघडते. वाचकाला ती सुरी हवीहवीशी वाटते. त्याच त्रयीच्या तिसऱ्या भागात कळते की उघडलेल्या प्रत्येक खिडकीमागे एक आत्मा खाणारे भूत जन्माला आले आहे आणि त्या फटींतून जगातले चैतन्य गळून चालले आहे. खिडक्या बंद कराव्याच लागतात, आणि त्यामुळे विल आणि नायिका लायरा यांना जन्माची ताटातूट पत्करावी लागते. मुलांच्या पुस्तकात असा शेवट करायला छाती लागते. रोलिंगची भाषा या दोघांच्या पासंगालाही पुरत नाही, पण तिलाही ही युक्ती साधली. हॅरी पॉटरच्या दुसऱ्या भागातली (१९९८) डायरी नेमकी काय होती, हे सहाव्या भागात (२००५) उलगडते, आणि मधली सात वर्षे वाढलेला वाचक मागे जाऊन तीच पाने वेगळ्या डोळ्यांनी वाचतो.

हे सगळे परकीय आहे, मराठी मातीत असे काही उगवत नाही, असे मराठीत सर्रास म्हटले जाते. हे म्हणणे चुकीचे आहे. चातुर्मासातल्या कहाण्या काढून पाहाव्यात. आदित्यराणूबाईच्या कहाणीत गरीब ब्राह्मण समिधा आणायला रानात जातो, तिथे नागकन्या आणि देवकन्या वसा वसताना भेटतात. तो वसा मागतो. त्या आधी बजावतात की तू उतशील, मातशील. तो कबूल होतो आणि घरात लक्ष्मी येते. कहाणी इथे संपत नाही. राजाला दिलेली त्याची मुलगी कहाणी ऐकायला वेळ नाही म्हणते आणि तिचे राज्य जाते. मग तिची मुले एकेक करून प्रधानाघरी मावशीकडे जातात. मावशी कोहळा पोखरून त्यात होनमोहरा भरून देते. वाटेत सूर्यनारायण माळ्याच्या रूपाने तो काढून घेतो. दुसऱ्याला पोकळ काठीत भरून देते. सूर्यनारायण गुराखी होऊन येतो आणि तीही जाते. तिसऱ्याचा नारळ विहिरीत पडतो. मुलांनी काहीही केलेले नाही, तरी आईचे देणे तीच फेडत आहेत. अद्भुताचा नियम, त्याची किंमत आणि ती पुढच्या पिढीने मोजणे, हे सगळे दोन पानांत आहे. पुलमनच्या सुरीचा हिशेब याहून वेगळा नाही. आटपाट नगराला आजवर कोणी नकाशा काढला नाही, एवढेच.

शिवाय कोकणातले राखणदार आणि देवचार, पाणवठ्यावरच्या आसरा, मुंजा, गावाच्या वेशी, त्या ओलांडण्याचे नियम. हा सारा ऐवज मराठीत भयकथेला देऊन टाकला आहे. भयकथेत राखणदार घाबरवतो आणि संपतो. कुमार कादंबरीत तो नायिकेशी करार करू शकतो, आणि तीन भागांनंतर त्या कराराची मुदत भरू शकते.

भाषांतरांनी वाट थोडी रुंद केली, हे खरे. भोपाळच्या मंजुल प्रकाशनसंस्थेने हॅरी पॉटर मराठीत आणला, मुग्धा कर्णिक यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे अवाढव्य काम तडीस नेले. अशा कामामुळे शब्द घडतात, वाक्याचा दम वाढतो. मात्र त्यावर उभे राहून स्वतंत्र लिहिणारे लेखक लगेच यायला हवे होते, आणि त्यांना थोपवून धरणारी एक भिंत आहे: मुलांचे पुस्तक उपयोगी असावे, ही समजूत. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. ल. म. कडूंचे ‘खारीच्या वाटा’ किंवा संगीता बर्वे यांचे ‘पियूची वही’ ही पुरस्कारप्राप्त पुस्तके चांगलीच आहेत, पण ती जगलेल्या जगाला धरून आहेत, आणि मराठीत गंभीर कुमार साहित्य म्हटले की याच पुस्तकांकडे बोट दाखवले जाते. म्हणून २०२४ मध्ये भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला तो पुरस्कार मिळाला, ही महत्त्वाची घटना होती. प्रौढ कथेत गूढाला प्रतिष्ठा मिळवून देणारा, साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेला लेखक मुलांसाठी भूतबंगल्यात शिरतो, तेव्हा इतरांनाही परवाना मिळतो. तो परवाना मराठी प्रकाशकांनी ताबडतोब वापरायला हवा.

दरम्यान मोकळी जागा भरली जाते आहे ती मोबाइलवर. बंगळुरूच्याच ‘प्रतिलिपी’वर मराठीत लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि तिथे अद्भुताला कोणी नाक मुरडत नाही. नागलोक, शाप, पुनर्जन्म, समांतर विश्व असे सारे तिथे आहे, आणि काही लेखकांचा कथेवरचा हात जाणवण्याइतका पक्का आहे. पण त्या रचनेत भाग म्हणजे पुढच्या भागाकडे ढकलणारा धक्का. कथा संपली तर वाचक जातो, म्हणून कथा संपत नाही. शंभराव्या भागात पहिल्या भागाचा हिशेब चुकता होत नाही, कारण पहिला भाग लिहिताना शेवट ठरलेला नसतो. ‘चांदोबा’ही महिन्याला एक प्रकरण देत असे, पण तिथे संपादक होता आणि धारावाहिकेला शेवट होता. या लेखकांना कोणी तरी बसवून, तीनशे पानांत आवरायला सांगून, पुस्तक छापायला हवे. मराठी प्रकाशनव्यवसायात हे कोणी करत नसेल तर तो त्या व्यवसायाचा दोष आहे, लेखकांचा नव्हे.

यावर नेहमीची हरकत येते: मुलांना मराठीत एवढे लांब वाचवत नाही, परप्रांतातल्या मुलांना तर नाहीच. मारतहळ्ळीतले मूल शाळेत इंग्रजी, कानडी, हिंदी शिकते. मराठी त्याची घरातली बोली, आणि जोडाक्षरांपाशी ते अडखळते. हे सगळे खरे आहे. पण तेच मूल ‘ऑर्डर ऑफ द फिनिक्स’ची सातशेहून अधिक पाने संपवते, आणि त्यातले कितीतरी इंग्रजी शब्द त्याला पहिल्या वाचनात येत नव्हते. पुढे काय होते हे कळल्याशिवाय राहवत नाही म्हणून ते अडखळत वाचते, आणि अडखळणे हळूहळू थांबते. मराठी शिकवणीचे वर्ग आणि पाठांतरस्पर्धा ही ओढ निर्माण करू शकत नाहीत. अकराव्या वर्षी हाती दिलेला पहिला भाग, बाराव्या वर्षी दुसरा, तेराव्या वर्षी तिसरा, आणि तिन्हींचा आराखडा पहिला छापण्याआधी लेखक आणि संपादक यांच्यात पक्का झालेला, अशी एक मराठी त्रयी कोणत्याही प्रकाशनसंस्थेने हाती घ्यावी. पहिल्या भागाची विक्री कमी झाली म्हणून दुसरा रद्द करायचा नाही, हे करारातच लिहावे. अशी पुस्तके तिसऱ्या भागानंतर मागे वळून विकली जातात. अर्थसीचा चौथा भाग तर तिसऱ्यानंतर अठरा वर्षांनी आला.