काळ्या घोड्याचे दोन पाठ

एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या हातीं आल्या म्हणजे त्यांपैकीं जुनी कोणती, नवी कोणती, आणि नवी लिहिणारानें जुनींतील काय ठेविलें व काय गाळलें, हें पाहणें हा संशोधकाचा पहिला धर्म होय. तोच धर्म आम्ही आज एका पुतळ्याच्या बाबतींत आचरूं इच्छितों. मुंबईच्या कोट विभागांतील 'काळा घोडा' हें ठिकाण आमच्या बहुतेक वाचकांस परिचित आहे. त्या ठिकाणीं आज जो घोडा उभा आहे तो २०१७ सालचा होय. ज्या घोड्यावरून त्या जागेस हें नांव पडलें तो १८७९ सालचा असून सध्यां भायखळ्यास, पूर्वींच्या राणीच्या बागेंत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानांत आहे. नवा घोडा काळा घोडा असोसिएशन ह्या संस्थेनें करविला. ही संस्था १९९८ सालीं स्थापन झाली व १९९९ पासून ह्याच परिसरांत कलामहोत्सव भरवीत आली आहे. नगराच्या कलाव्यवहारांत अशा संस्थेनें कोणतें कार्य करावें, व तें करतांना इतिहासाचें कोणतें ऋण मानावें, हा प्रश्न ह्या दोन घोड्यांच्या निमित्तानें विचारांत घेण्याजोगा आहे.

प्रथम मूळ पाठ पाहूं. इंग्लंडचा युवराज आल्बर्ट एडवर्ड हा नोव्हेंबर १८७५ मध्यें मुंबईस आला. त्या भेटीचें स्मारक म्हणून सर आल्बर्ट ससून ह्यांनीं त्याचा अश्वारूढ पुतळा शहरास अर्पण केला. तो जोसेफ एडगर बोम ह्या शिल्पकारानें घडविला. दात्याचे वडील डेव्हिड ससून ह्यांच्या नांवाचें ग्रंथालय समोरच १८७० सालीं बांधून झालें होतें. तेव्हां पित्याचें ग्रंथालय व पुत्रानें दिलेला पुतळा अशीं एकाच घराण्याचीं दोन दानें एका चौकांत समोरासमोर आलीं. कोटाचा तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर नवें नगर वसत होतें, त्या काळची ही हकीकत आहे.

ह्या पुतळ्याविषयीं दोन चुका इतक्या रूढ झाल्या आहेत कीं, त्यांचा येथें निर्देश करणें अवश्य आहे. पहिली चूक द्रव्याविषयींची. पुतळा काळ्या दगडाचा होता असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. वस्तुतः तो ब्राँझचा ओतीव आहे. काळवंडलेल्या धातूस दुरून पाहणारानें दगड म्हटलें, व पुढील लेखकांनीं भायखळ्यापर्यंत जाण्याचे श्रम न घेतां तोच शब्द उतरून घेतला. दुसरी चूक बिरुदाविषयींची. 'सातव्या एडवर्डचा पुतळा' असें सर्रास म्हटलें जातें. परंतु एडवर्ड गादीवर आला तो १९०१ सालीं. पुतळा उभारला त्या वेळीं तो केवळ युवराज होता. नकलकारानें पुढील काळचें बिरुद मागील काळच्या लेखांत घालावें, तसाच हा प्रकार होय. वस्तु डोळ्यांसमोर असतांहि तिच्याविषयीं अशा चुका रूढ होतात, तर वस्तु नाहींशी झाल्यावर काय होईल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां नांवाकडे वळूं. दात्यानें दिला तो युवराजाचा पुतळा. लोकांनीं घेतला तो काळा घोडा. वर बसलेला राजपुत्र कोण, तो कशासाठीं आला, त्याचें स्मारक कां झालें, ह्यांपैकीं कशाचीहि दखल न घेतां मुंबईकरांनीं त्याच्या वाहनावरून जागेस नांव दिलें. ह्यांत कोणी द्वेष पाहील, कोणी विनोद पाहील; आम्हांस ह्यांत एक सहज निर्णय दिसतो. जें आपलें वाटलें तें ठेविलें, जें परकें वाटलें तें गाळलें. ह्या पुतळ्याचे पहिले टीकाकार रस्त्यानें जाणारे लोकच होत, आणि त्यांची टीका दोन शब्दांची आहे. त्याच काळांत दुसऱ्या एका पुतळ्यावर निराळ्या प्रकारची टीका झाली. शिल्पकार मॅथ्यू नोबल ह्यानें घडविलेला व बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनीं अर्पण केलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८९६ सालीं डांबर फांसून विद्रूप करण्यांत आला, व तें कृत्य आपलें असल्याचें दामोदर हरि चापेकर ह्यांनीं आपल्या आत्मवृत्तांत सांगितलें आहे. राणीच्या पुतळ्यास डांबर मिळालें, युवराजाच्या पुतळ्यास विस्मरण मिळालें. दोहोंपैकीं अधिक कठोर शिक्षा कोणती, हें ठरविणें सोपें नाहीं.

१९६५ सालीं परकीय सत्ताधीशांचे पुतळे शहराच्या रस्त्यांवरून हलविण्यांत आले, त्यांत हाहि गेला. जागा मोकळी झाली व तेथें मोटारी उभ्या राहूं लागल्या. परंतु नांव गेलें नाहीं. पुतळा आपल्या जागीं ८६ वर्षें होता. त्यानंतर ५२ वर्षें घोड्याशिवायच ती जागा 'काळा घोडा' म्हणून ओळखली गेली. ह्याच उद्यानांत ह्याला एक सोबती आहे. घारापुरीच्या ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं त्या बेटास 'एलिफंटा' हें नांव दिलें, तो हत्ती १८६४ सालीं इंग्लंडास नेण्याच्या खटपटींत पडून भंगला, व त्याचे तुकडे पुढें जोडून त्यास भायखळ्यासच उभें करण्यांत आलें. एका बेटास नांव देणारा हत्ती आणि एका चौकास नांव देणारा घोडा, दोघेहि आपापल्या नांवांपासून तुटून एकाच बागेंत आहेत. ज्या वस्तुसंग्रहालयाशेजारीं ते आहेत, त्यास १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचें नांव आहे. प्राचीन लेख वाचण्यांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्यांच्या नांवाच्या वास्तूजवळ ह्या दोन निर्वासितांना आसरा मिळावा, हा योगायोग आमच्यासारख्यांस विशेष भावतो.

आतां दुसरा पाठ. २०१७ सालीं उभारलेल्या नव्या घोड्याची कल्पना वास्तुशिल्पी अल्फाज मिलर ह्यांची असून तो शिल्पकार श्रीहरि भोसले ह्यांनीं घडविला. ह्या घोड्यावर स्वार नाहीं. हीच ह्या कृतीची मुख्य गोष्ट होय, व तिजविषयीं आमचें मत अनुकूल आहे. संस्थेपुढें तीन मार्ग होते. जुना पुतळा परत मागणें हा एक. पण त्यायोगें १९६५ चा निर्णय पुसल्यासारखा झाला असता. स्वाराच्या जागीं दुसरा कोणी स्वार बसविणें हा दुसरा. पण तें सरळ सरळ प्रक्षेप ठरलें असतें. तिसरा मार्ग लोकांनीं केलेला पाठ प्रमाण मानण्याचा, व संस्थेनें तोच धरला. लोकांनीं स्वारास नांवांतून उतरविलें होतें. शिल्पकारानें त्यास घोड्यावरूनहि उतरविलें. महाराष्ट्रीय प्रेक्षकास स्वाराविना घोडा अपुरा वाटण्याचेंहि कारण नाहीं. आषाढी वारींत रिंगण धांवणारा माउलींचा अश्व ज्यानें पाहिला आहे, त्यास मोकळी पाठ म्हणजे रिकामी पाठ नव्हे हें सांगावें लागत नाहीं. युरोपांत स्वाराविना घोडा प्रेतयात्रेंत चालतो व शोक सुचवितो. आमच्याकडे तो अदृश्य स्वाराची उपस्थिति सुचवितो. एकच आकृति दोन परंपरांत किती भिन्न अर्थ धारण करते, ह्याचें हें चांगलें उदाहरण आहे.

परंतु गुणाबरोबर धोकाहि सांगितला पाहिजे, आणि तो आमच्या दृष्टीनें लहान नाहीं. पूर्वीं घोड्यावरून नांव पडलें. आतां नांवावरून घोडा उभा राहिला. कार्यकारणाचा क्रम उलटला. आज हयात असलेल्या पिढीस हें ठाऊक आहे. पण आणखी पन्नास वर्षांनीं तेथून जाणारा मनुष्य काय समजेल? समोर काळा घोडा, जागेचें नांव काळा घोडा; तेव्हां ह्यावरूनच तें नांव पडलें, ह्याहून निराळें अनुमान तो कां करील? आणि मग १८७९ चा दाता, बोमचें कसब, ८६ वर्षांचा वास, १९६५ चें स्थलांतर व ५२ वर्षांचें रितेपण हा सगळा मजकूर एका दिसावयास निर्दोष अशा वस्तूखालीं झांकला जाईल. खोटा कागद ओळखतां येतो, कारण तो खोटें बोलतो. येथें कोणी खोटें बोललेलेंच नाहीं, म्हणून ही चूक ओळखणें अधिक कठीण.

ह्यावर उपाय जुनाच आहे. आमच्या पोथ्यांचे लेखक शेवटीं पुष्पिका लिहीत : शक अमुक, मास अमुक, अमक्यानें अमक्यासाठीं अमक्या गांवीं लिहिलें, मूळ प्रत अमक्याची. त्या चार ओळींवरून शेंकडों पोथ्यांचा काळ ठरविणें शक्य झालें आहे. सार्वजनिक शिल्पास हाच नियम लागू व्हावा. नव्या घोड्याजवळ मराठींत, ठळक अक्षरांत, निदान चार गोष्टी वाचावयास मिळाल्या पाहिजेत : हा घोडा कोणीं व केव्हां केला, ह्यापूर्वीं येथें कोणता पुतळा होता व तो कोणीं दिला, तो कोणत्या सालीं हलविला, आणि आज तो कोठें पाहावयास मिळेल. भायखळ्याच्या पुतळ्याजवळहि ह्या चौकाचा उल्लेख तसाच असावा. दोन प्रती दूर असल्या तरी एकीनें दुसरीचा पत्ता सांगावा, एवढेंच मागणें आहे.

संस्थेच्या इतर कार्याकडे पाहतांहि हाच विचार मनांत येतो. जीर्णोद्धार आणि नवनिर्मिति हीं दोन निराळीं कामें आहेत. कोटांतील बाजारगेट रस्त्यावरील बमनजी होरमसजी वाडिया ह्यांच्या स्मरणार्थ १८८२ सालीं बांधलेल्या घड्याळाच्या मनोऱ्याची दुरुस्ति ह्या संस्थेच्या साहाय्यानें २०१७ सालीं पुरी झाली. इराणी धर्तीच्या त्या लहानशा वास्तूवर आपलें कांहीं न लादतां जें होतें तेंच स्वच्छ करून दाखविलें, ह्याबद्दल संस्था धन्यवादास पात्र आहे. दरवर्षीं भरणाऱ्या नऊ दिवसांच्या महोत्सवाचेंहि श्रेय मान्य केलें पाहिजे. ज्या रस्त्यांवरून लोक एरवीं मान वर न करतां जातात, तेथें ते विनामूल्य येऊन थांबतात, नृत्य-गायन पाहतात, जुन्या इमारतींची माहिती ऐकत हिंडतात. जहांगीर कलादालनाच्या पायऱ्या चढण्यास जो संकोचतो, तो रस्त्यावरील शिल्पापुढें मात्र निःसंकोच उभा राहतो. हा लाभ कमी नव्हे.

परंतु रस्त्यावर मांडलेलीं तीं शिल्पें नऊ दिवसांनीं उचलावीं लागतात. अल्पायुषी कलेचें आम्हांस वावडें नाहीं. गणपतीची मूर्ति विसर्जित करणारा आणि अंगणांतील रांगोळी रोज पुसून रोज काढणारा आमचा समाज आहे. रांगोळीस मात्र परंपरेचा आधार असतो. आजची पुसली तरी उद्यां तीच पुन्हां निघते. महोत्सवांतील शिल्प एकदांच होतें. त्याची नोंद राहिली नाहीं तर तें झालेंच नाहीं असें होतें. म्हणून प्रत्येक वर्षाच्या कृतींची यादी, कर्त्याचें नांव, द्रव्य, मापें, मांडण्याची जागा, खर्च कोणीं सोसला व पुढें वस्तूचें काय झालें, इतका तपशील छापून त्याची प्रत सार्वजनिक ग्रंथालयांत ठेविली जाणें इष्ट आहे. डेव्हिड ससून ग्रंथालय त्याच चौकांत आहे. ह्याहून योग्य स्थान कोठून आणावें? १९९५ सालीं मुंबईसाठीं वारसा-जतनाचे नियम झाले, व त्यांमुळें अनेक इमारतींच्या याद्या तयार झाल्या. इमारतींस जी यादी मिळाली ती कृतींसहि मिळावी.

हा दोष केवळ कलामंडळांच्या माथीं मारून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. आपण संग्राहक मोडी दफ्तरांचा कसर लागलेला तुकडाहि जपून ठेवितों, आणि काल हातांत पडलेलें महोत्सवाचें कार्यक्रमपत्रक आज रद्दींत टाकतों. एका पिढीची रद्दी दुसऱ्या पिढीचें साधन होतें, हें आपल्याइतकें कोणास ठाऊक असावें? बोमच्या पुतळ्याची धातु कोणती हें जर आज वादाचें होऊं शकतें, तर त्याचें एक कारण हेंच कीं, त्या काळच्या लहानसहान कागदांस कोणी किंमत दिली नाहीं. आमच्या वाचकांपैकीं जे मुंबईस राहतात त्यांनीं ह्या चौकाचीं छायाचित्रें, आमंत्रणें, पत्रकें व नकाशे, विशेषतः १९६५ पूर्वींचे, जमवून त्यांवर तारखा घालाव्या. तारीख नसलेलें चित्र अर्धें मुकें असतें.

सारांश, नव्या घोड्यास आमचा विरोध नाहीं. उलट लोकांच्या वाणीस मान देणारी ती कृति आम्हांस आवडली. तिनें मूळ असल्याचा आव आणूं नये व कोणी तिला मूळ समजूं नये, इतकीच आमची चिंता आहे. नवी प्रत कितीहि सुंदर अक्षरांत लिहिलेली असो, तिच्यावर लेखनकाल नसला तर ती उद्यांच्या संशोधकास फसविते. तो काल लिहून ठेवणें हें कलामंडळाचें कर्तव्य, आणि त्यानें तो लिहावा म्हणून आग्रह धरणें हें आपलें. भायखळ्याचा घोडा बोलूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें एवढें लिहून लेखणी ठेवितों.