चौकोनातले अँटेना, हायवेवरचं गाव

सेल-फ्री मॅसिव्ह मायमोवरचा न्गो आणि सहकाऱ्यांचा २०१७चा पेपर जरूर वाचा. त्यात १ किलोमीटर बाजूच्या चौकोनात अँटेना विखुरलेत आणि समोरासमोरच्या कडा जोडल्यात. म्हणजे प्रत्येक मोबाइलभोवती चहूबाजूंनी अँटेना. डेटाचा वेग तपासायला हे ठीक. पण मोबाइलची जागा शोधताना हाच चौकोन घेतला, तर खरी अडचण दिसतच नाही.

लोणी देवकर पुणे-सोलापूर हायवेवर आहे. समजा, तिथे सगळे अँटेना रस्त्याकडेला सरळ रेषेत आहेत. मग नुसत्या अंतरांवरून मोबाइल रेषेच्या अलीकडे की पलीकडे, कळत नाही. ट्रॅकिंग केलं तरी आरशातली वाट तितकीच खरी वाटते. एक अँटेना शेतात, रेषेबाहेर लावला की गोंधळ मिटतो. त्यामुळे पेपरात अचूकतेचा आकडा बघण्याआधी अँटेनांचा नकाशा बघा.