परतीची वाट आणि ट्रेसराऊट : आरएफसी ३०३२ मधील एका उपायाचे परीक्षण

पिंगचे उत्तर कसे तयार होते, हे १९८१ च्या आरएफसी ७९२ मध्ये सांगितले आहे. उगम आणि गंतव्य पत्त्यांची अदलाबदल करायची, संदेशाचा प्रकार बदलायचा, चेकसम नव्याने काढायचा. यात एक गोष्ट गृहीत धरली आहे : उगम पत्ता कुठूनही पाहिला तरी एकच यंत्र दाखवतो. १९९६ च्या आरएफसी १९१८ ने १०.०.०.०/८ सारखे खासगी पत्ते कोणत्याही संस्थेला वापरण्याची मुभा दिली आणि हे गृहीतक संस्थेच्या कुंपणाआतच खरे राहिले.

समजा, एक बँक आणि एक कापड कंपनी या दोघींच्या जाळ्यांत १०.१.१.०/२४ हेच पत्ते आहेत आणि दोघी एकाच सेवादात्याचे एमपीएलएस जाळे वापरतात. कडेचा पीई राऊटर प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा मार्ग-तक्ता, म्हणजे व्हीआरएफ, ठेवतो. मधला पी राऊटर फक्त लेबल पाहतो. त्याच्याकडे ग्राहकांचे मार्ग नसतात. मग ट्रेसराऊटच्या पॅकेटचा टीटीएल पी राऊटरवर संपला, तर ‘वेळ संपली’ हा संदेश त्याने १०.१.१.५ कडे कसा पाठवावा? हा पत्ता बँकेचा की कापड कंपनीचा, हे त्याला ठाऊक नाही.

जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०३२ मध्ये यावर एक युक्ती सुचवली आहे. मूळ पॅकेटवरची लेबले संदेशावर जशीच्या तशी लावायची आणि संदेश मागे न पाठवता पुढेच सोडायचा. तो पलीकडच्या पीई राऊटरपर्यंत जातो. तिथे व्हीआरएफ आहे, म्हणून तिथून तो योग्य ग्राहकाकडे परततो.

युक्ती उत्तम आहे. पी राऊटरवर एकही जादा मार्ग लादावा लागत नाही. परतीचा वळसा लांबचा आहे आणि मार्गात चक्र असेल तर संदेशही त्यात फिरू शकतो, हे दस्तऐवज स्वतःच सांगतो. पण या वळशाने मोजमापाचे काय होते, हे वाचकालाच काढावे लागते. अडचण तिथे आहे.

गुवाहाटीच्या शाखेतून मुंबईच्या मुख्यालयाकडे ट्रेसराऊट चालवला असे धरू. दुसऱ्या टप्प्यावरचा, म्हणजे गुवाहाटीचा, पीई राऊटर ३ मिलिसेकंद दाखवतो. तिसरा आणि चौथा हे पी राऊटर आहेत, ते ५२ दाखवतात. पाचवा, म्हणजे मुंबईचा पीई, ५१ दाखवतो. पाठ्यपुस्तकी वाचनानुसार विलंब दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांमध्ये आहे. हा निष्कर्ष चूक ठरू शकतो. तिसऱ्या राऊटरचे उत्तर मुंबईला जाऊन आले आहे, म्हणून तो आकडा जवळजवळ संपूर्ण मार्गाचा आहे. याहून घातक प्रसंग मार्ग तुटल्यावर येतो. चौथ्या टप्प्यापुढे लेबल-मार्ग तुटला, तर तिसऱ्याचे आणि चौथ्याचे उत्तरही पोहोचत नाही. पडद्यावर तिसऱ्यापासून तारका दिसतात आणि धडधाकट यंत्रावर दोष येतो.

तेव्हा दोष युक्तीचा कमी आणि ट्रेसराऊटला नकाशा मानणाऱ्या शिकवणीचा अधिक. पत्त्यांची सरमिसळ असलेल्या जाळ्यात उत्तर आले, यावरून जाणे आणि येणे दोन्ही शक्य आहे एवढेच सिद्ध होते. ते आले नाही, तर बिघाड कोणत्या दिशेला आहे हेही कळत नाही. विद्यार्थ्यांनी अशा जाळ्यात मधल्या टप्प्यांच्या आकड्यांची वजाबाकी करू नये. आधी शेवटची ओळ पाहावी आणि प्रत्येक उत्तर कोणत्या वाटेने परतले असेल ते कागदावर काढावे. लेबल-मार्गच तपासायचा असेल तर सेवादात्याने २०१७ च्या आरएफसी ८०२९ मधील एलएसपी पिंग वापरावे. त्याचे उत्तर सेवादात्याच्या स्वतःच्या पत्त्यावर येते आणि तो पत्ता त्याच्या जाळ्यात एकमेव असतो.