सरकार पक्षाची खुर्ची : 'कोर्ट मार्शल' पुन्हा वाचताना

स्वदेश दीपक यांच्या 'कोर्ट मार्शल' या हिंदी नाटकाविषयी आपल्या कार्यकर्त्यांत जे बोलले जाते ते बहुतेक कॅप्टन बिकाश राय याच्याविषयी बोलले जाते. बचावाचा हा अधिकारी उलटतपासणीत एकेकाचा बुरखा फाडतो, प्रेक्षक टाळ्या देतात, आणि घरी जाताना आपण जातिव्यवस्थेविरुद्ध काहीतरी केले असे समाधान सोबत नेतात. 1991 साली रंगमंचावर आलेले हे नाटक देशभर शेकडो वेळा झाले. त्याच्या ताकदीविषयी मला शंका नाही. मला वेगळेच विचारायचे आहे. या नाटकात सरकार पक्षाच्या खुर्चीवर जो मेजर अजय पुरी बसला आहे, त्याच्याकडे आपण कधी पाहिले काय?

कथानक थोडक्यात असे. रामचंदर हा खालच्या मानलेल्या जातीचा जवान. पहाऱ्यावर असताना त्याने आपल्याच दोन अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. कॅप्टन वर्मा ठार झाला, कॅप्टन कपूर जखमी झाला. रामचंदर गुन्हा कबूल करतो आणि नंतर गप्प राहतो. पुढचे सारे नाटक हे या गप्प बसण्यामागे काय आहे याचा शोध आहे. कपूरने त्याला घरी राबवले, जातीवरून शिव्या घातल्या, हे हळूहळू उघडे पडते.

दलित साहित्याच्या दृष्टीने पहिला आक्षेप ओळखीचाच आहे. दलित मुका, आणि त्याचा आवाज होणारा सुशिक्षित तारणहार बाहेरचा. सहानुभूतीच्या साहित्याची ही जुनी खोड आहे आणि तिच्यावर या पानांतून पुरेसे लिहिले गेले आहे. मी ते पुन्हा उगाळत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अपमानाचे सत्य बाहेर काढण्याचे काम नाटककाराने बचावाच्या वकिलावर टाकले, आणि त्यामुळे ते सत्य केवळ शिक्षेत दया मागण्याचे कारण होऊन बसले. ते आरोप झाले नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात शेवटपर्यंत रामचंदरच उभा आहे. कपूर साक्षीदार म्हणून येतो.

आर्मी रूल्स, 1954 मध्ये अभियोक्त्याचे कर्तव्य सांगितलेले आहे, आणि ते मुद्दाम वाचण्यासारखे आहे. त्याने न्यायदानात न्यायालयाला साहाय्य करावे, निःपक्षपाती राहावे, आरोपीच्या बाजूचा पुरावा दडपू नये, आणि घडलेला संपूर्ण प्रकार न्यायालयापुढे आणावा. संपूर्ण प्रकार! म्हणजे बंदुकीचा चाप ओढला गेला तो क्षण तेवढा नव्हे. त्याच्या मागचे महिने, कपूरच्या घरातले राबणे, त्या शिव्या हेही. नियमाप्रमाणे हे काम पुरीचे होते. राय जे करतो ते त्याचे शौर्य म्हणून आपण डोक्यावर घेतले. प्रत्यक्षात तो समोरच्या खुर्चीवरचे न झालेले काम करीत आहे.

मग पुरी ते का करीत नाही? तो दुष्ट आहे म्हणून? नाटककाराने त्याला तसा रंगवलेला नाही. तो आपल्या फायलीपुरता सरळ माणूस आहे. वरठीत आम्ही दहाबारा जणांनी एका रविवारी हे नाटक मोठ्याने वाचले तेव्हा या प्रश्नावर शिक्षक मंडळींनी स्वभावचित्रणाची बरीच चर्चा केली. कोपऱ्यात बसलेले एक निवृत्त हवालदार मध्येच म्हणाले, "पुरी सायबाचा सी. आर. कोन लिवते, थे सांगा आधी." चर्चा तिथेच थांबली. समीक्षेच्या परिभाषेत जे आम्हाला सापडत नव्हते ते त्यांनी एका वाक्यात ठेवले होते.

कारण आपल्याकडील सैनिकी न्यायव्यवस्थेची बांधणीच तशी आहे. आर्मी अॅक्ट, 1950 प्रमाणे कोर्ट मार्शल बोलावणारा वरिष्ठ अधिकारीच खटला चालवायचा की नाही हे ठरवतो, न्यायालयाचे सभासद नेमतो आणि अभियोक्ताही नेमतो. दिलेला निकाल वरिष्ठाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. जज अॅडव्होकेट जनरल यांची शाखा आहे. पण तिचे अधिकारी कुठे आरोपपत्रावर सल्ला देतात, तर कुठे न्यायालयात कायदा समजावून सांगायला बसतात. स्वतःच्या बुद्धीने 'या अधिकाऱ्यावरही आरोप ठेवा' असे म्हणू शकेल असा स्वतंत्र अभियोग विभाग आणि त्याचा प्रमुख या रचनेत नाहीच. पुरीची खुर्ची पुरीची नाही, ती खुर्ची मांडणाऱ्याची आहे. स्वदेश दीपक यांनी जातीवर बोट ठेवले. खुर्ची कोण मांडतो यावर ठेवले नाही.

तुलनेसाठी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (2014) घ्या. तिथले न्यायालय सैनिकी नव्हे, मुंबईतले सत्र न्यायालय आहे. गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप लोकशाहीर नारायण कांबळेवर आहे. ही भूमिका आपल्या विदर्भातील चळवळीतले वीरा साथीदार यांनी केली. पण दिग्दर्शक सरकारी वकील बाईंच्या मागोमाग त्यांच्या घरापर्यंत जातो. लोकलमधल्या गप्पा, स्वयंपाक, सुट्टीच्या दिवशीचे नाटक. ती बाई खलनायिका नाही. हाती आलेले कलम ती एकसुरात वाचते, आणि त्या एकसुरातच शाहिराचा तुरुंगवास लांबत जातो. अन्याय करायला द्वेष लागतोच असे नाही, हे तो चित्रपट दाखवतो. 'कोर्ट मार्शल'ला कपूरच्या रूपाने द्वेषाचा चेहरा मिळाला आणि तो पुरीला विसरला.

कुणी म्हणेल, हे नाटकाबाहेरचे बोलणे झाले. तर नाटकाबाहेरचाच एक खटला पाहू. रणजित ठाकूर हा सिग्नल विभागातला जवान. वरिष्ठाकडून होणाऱ्या वागणुकीची तक्रार त्याने थेट वर पाठवली, त्याबद्दल त्याला 28 दिवसांची शिक्षा झाली. ती भोगत असताना, 1985 च्या मे महिन्यात, जेवण घे हा हुकूम त्याने मानला नाही म्हणून त्याच्यावर समरी कोर्ट मार्शल झाले. या प्रकारात कमांडिंग ऑफिसर हाच एकटा न्यायालय असतो. दोन जण हजर राहतात, पण निकाल त्यांचा नसतो. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती तेच अधिकारी न्यायासनावर होते. एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई पक्षपाताच्या दोषामुळे आणि शिक्षा अतिरेकी म्हणून रद्द केली. त्या खोलीत कोणी बिकाश राय नव्हता आणि मेजर पुरीही नव्हता. अभियोक्ता आणि न्यायाधीश यांतले अंतरच तिथे उरलेले नव्हते.

ज्या इंग्रजांकडून आपण ही रचना घेतली त्यांना ती सोडावी लागली. फॉकलंड युद्धात लढलेल्या फिंडले या सैनिकाच्या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1997 साली म्हटले की, कोर्ट बोलावणारा अधिकारीच सरकार पक्षाच्या केंद्रस्थानी असेल तर ते न्यायालय स्वतंत्र नव्हे. पुढे 2006 च्या कायद्याने तिन्ही दलांसाठी एकच अभियोग संचालक आला, 2009 पासून एकत्रित कार्यालय सुरू झाले, आणि त्याचे नेतृत्व ब्रूस होल्डर या गणवेशाबाहेरच्या बॅरिस्टरकडे दिले गेले. खटला चालवायचा की नाही हे त्या कार्यालयाने ठरवायचे. अमेरिकेतही डिसेंबर 2023 पासून लैंगिक अत्याचार, खून अशा गुन्ह्यांत हा निर्णय कमांडरच्या हातून काढून स्वतंत्र वकिलांकडे दिला आहे.

स्वतंत्र खुर्ची मिळाली की जात आपोआप दिसू लागेल, असा भाबडेपणा मात्र आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना परवडणारा नाही. आमच्याच मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातील चार जणांना मारले गेले. खटला मुलकी न्यायालयात चालला, विशेष सरकारी वकील होते, 2008 साली आठ जण दोषी ठरले. परंतु जातीच्या कारणावरून गुन्हा झाला हे सिद्ध होत नाही म्हणून अॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. 2010 साली उच्च न्यायालयानेही तो लावला नाही. संपूर्ण प्रकार न्यायालयापुढे आला काय? खून आला, जात बाहेर राहिली. रामचंदरच्या खटल्याचे हे उलटे चित्र आहे. तिथे मारणारा दलित होता, इथे मेलेले.

सैन्य ही आपल्या घराघरांतली अभिमानाची आणि दुखरी जागा आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार. महारांची भरती बंद झालेली. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिलेली. आजही भंडारा रोड स्टेशनच्या, म्हणजे वरठीच्या, रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी पोरे धावताना दिसतात. त्यांतला कुणी उद्या आपल्या साहेबाविरुद्ध अर्ज करील, तेव्हा त्याला लागणारी माहिती या नाटकात नाही. 2007 च्या कायद्याने आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आले, अपिलाची सोय झाली, हे खरे. पण अभियोक्ता कोणी नेमायचा हे त्या कायद्याने बदललेले नाही. आणि समरी कोर्ट मार्शलची शिक्षा बडतर्फीची किंवा तीन महिन्यांहून जास्त कैदेची असेल तरच ती ट्रिब्युनलापुढे जाते. नव्वद दिवसांच्या आत बसणारा अपमान अजून बाहेरच आहे.