तोफेची वाट आणि मोकळे रान

पन्हाळा ते विशाळगड ही वाट कोल्हापूरकरांना दोन रूपांत ठाऊक आहे. पहिले रूप जुलै १६६० मधले: सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पावसाळी रात्री निसटलेले शिवाजी महाराज, पाठलागावर सिद्दी मसूद आणि घोडखिंडीत पाय रोवून उभे राहिलेले बाजीप्रभू देशपांडे. दुसरे रूप दर पावसाळ्यातल्या पदभ्रमण मोहिमांचे. तीच चढण, तोच चिखल. पण आता म्हसाई पठारावर धुके बघत थांबता येते, एखाद्या वाडीत मुक्काम करता येतो आणि दुसऱ्या दिवशी सावकाश पावनखिंडीत उतरून माथा टेकवता येतो. जमीन एकच आहे. बदलली आहे ती वेळेची किंमत.

‘ओपन वर्ल्ड’ म्हणून ओळखले जाणारे व्हिडिओ गेम मी गेली काही वर्षे खेळतो आहे आणि या प्रकारातला मूळ पेच मला या वाटेवरूनच नीट समजतो. या खेळांत एक अफाट मुलूख खेळाडूच्या हवाली केलेला असतो. हवे तिकडे जा, हवे ते करा. त्याच वेळी एक कथाही असते आणि ती बहुधा ‘धाव, उशीर होतोय’ असे सांगत असते. मुलूख म्हणतो थांब, कथा म्हणते पळ. दोघांचे एकाच वेळी ऐकायचे कसे?

उदाहरण घेऊ. ‘फॉलआउट ४’ (२०१५) मध्ये नायकाच्या डोळ्यांदेखत जोडीदाराचा खून होतो आणि तान्हे मूल पळवले जाते. यापेक्षा मोठी घाई कोणती? पण थोड्याच वेळात खेळ आपल्या हाती लाकूड-पत्रा देतो आणि वस्त्या बांधायला सांगतो. आपण भिंती उभारतो, शेती लावतो, विजेच्या तारा ओढतो. मूल वाट बघत राहते. शंभर तास गेले तरी कथेचे काही बिघडत नाही. २००७ मध्ये क्लिंट हॉकिंग या खेळरचनाकाराने ‘बायोशॉक’वर लिहिताना खेळ आणि कथा यांच्यातल्या अशा विसंवादाला ‘ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असे नाव दिले. नाव अवघड असले तरी दुखणे साधे आहे. ‘घाई आहे’ हे वाक्य खोटे निघाले की खेळाडू त्या खेळातल्या पुढच्या कोणत्याच वाक्यावर विश्वास ठेवत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मराठी माणसाने तर घ्यायलाच हवा. संगीत नाटकात नायिकेवर संकट कोसळलेले असताना ती थांबून पद गाते, प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देतात आणि ती पुन्हा गाते. तिथे कोणी ‘आधी संकटाचे बघा’ म्हणत नाही. हा संकेत आहे. मग खेळातल्या संकेताला का नावे ठेवायची? मला यातला फरक असा दिसतो: पद कथेचा वेळ थांबवते, पण त्याच क्षणाची भावना वाढवते. वस्ती बांधताना मुलाच्या शोधाची भावना वाढत नाही, ती विसरली जाते. म्हणजे थांबण्यात दोष नाही. थांबून आपण कशात रमतो, हा खरा प्रश्न आहे.

या पेचातून वाट काढणारे जुने उदाहरण आपल्या घरातच आहे. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी आणि भीम यांना आत्ताच्या आत्ता सूड हवा आहे. युधिष्ठिर वचनाला बांधलेला आहे: बारा वर्षे वनवास, एक वर्ष अज्ञातवास. या मुदतीमुळे भटकंतीला हक्काची जागा मिळते. तीर्थयात्रा होतात, नल-दमयंतीची कथा येते, सावित्रीची येते. ही आडवाटेची भटकंती वाया जात नाही. अर्जुन अस्त्रे मिळवून येतो. द्यूतात राज्य हरलेल्या युधिष्ठिराला नलाची कथा सांगणारे बृहदश्व ऋषीच फाशांची विद्या शिकवतात. जखम जिथली, औषध तिथलेच, आणि ते मुख्य रस्त्यावर नव्हे, आडवाटेवर सापडते.

उत्तम खेळांनी नेमके हेच केलेले दिसते. ‘मेजोराज मास्क’ (२००० ) मध्ये तीन दिवसांनी चंद्र कोसळणार असतो आणि तो खरोखर कोसळतो. नायक काळ मागे नेऊन तेच तीन दिवस पुन्हा जगतो. त्या अवधीत गावातला प्रत्येक माणूस आपापल्या वेळापत्रकाने वागतो, म्हणून भटकणे म्हणजेच माणसे समजून घेणे ठरते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) मध्ये शत्रू किल्ल्यात कोंडलेला आहे, पण नायक शंभर वर्षांच्या झोपेतून दुबळा होऊन उठलेला आहे. सुरुवातीचे पठार ओलांडल्यावर तो सरळ किल्ल्यावर चालून जाऊ शकतो. बहुतेक वेळा मार खातो. भटकंती हीच त्याची तालीम होते. ‘विचर ३’ (२०१५) मध्ये दोन्ही गोष्टी सापडतात. मानसकन्या सिरीच्या शोधात निघालेला गेराल्ट गावोगावी पत्ते खेळत बसतो, तेव्हा तो शोध पातळ होतो. पण सिरीची बातमी ठाऊक असलेला सरदार ‘आधी माझी बायको-मुलगी शोधून दे’ अशी अट घालतो आणि एका बापाचा शोध दुसऱ्या बापाच्या शोधाचा आरसा होतो, तेव्हा आडवाटच मुख्य वाट बनते.

तिसरा, प्रामाणिक उपाय म्हणजे मुलूख मोकळा न ठेवणे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) हा खेळ तसा आहे. पळवून नेलेल्या भावाला शोधणाऱ्या बहिणीची ही कथा ठरावीक वाटेने पुढे जाते. बहिणीची घाई खरी वाटते, कारण खेळ तिला इकडेतिकडे भरकटू देत नाही.

मला ही चर्चा महत्त्वाची वाटते ती पुढच्या काळासाठी. आपल्या गडकोटांवर मोठा ओपन वर्ल्ड गेम यावा, असे खेळणाऱ्या अनेक मराठी मुलांना वाटते, मलाही वाटते. पण रूढ साचा जसाच्या तसा उचलला तर काय होईल? महाराज विशाळगडाकडे निघाले आहेत, खिंडीत बाजीप्रभू लढत आहेत, आणि खेळाडू म्हसाई पठारावर औषधी मुळ्या गोळा करतो आहे. नकाशावर खिंडीच्या जागी एक पिवळे चिन्ह लुकलुकत राहील आणि खेळाडूला सवड होईपर्यंत बाजीप्रभूंना मरताही येणार नाही. जाणूनबुजून केलेल्या अनादरापेक्षा मला हे वाईट वाटते, कारण इथे कोणीच काही वाईट केलेले नसेल. बलिदानाचा अर्थच वेळेत आहे, आणि वेळच काढून घेतली की उरतो तो देखावा.

तरी तो मुलूख मोकळा ठेवता येईल. वेढा एका रात्रीचा नव्हता, तो काही महिने चालला होता. खेळाडूला त्या महिन्यांत ठेवा. महाराजांच्या भूमिकेत नको. वाटांचा माग काढणाऱ्या एखाद्या बांदल मावळ्याच्या किंवा हेराच्या भूमिकेत. त्याला हवे तिथे फिरू द्या. कोणता ओढा पावसात फुगतो, कोणत्या वाडीत दार उघडते, कोणत्या उतारावर घोडा घसरतो, हे त्याला पायांनी शिकू द्या. वेढ्याची चौकी कुठे सैल आहे ते हेरू द्या. पालखीत महाराजांचा वेष घेऊन बसणार आहेत त्या शिवा काशिदांशी निवांत गप्पा मारू द्या. मग ती रात्र उजाडली की नकाशा मिटवा. आता एकच वाट, एकच दिशा. आधी भटकून जे कळले तेवढेच हाताशी. जो भटकला नाही तो अंधारात चाचपडेल. जो भटकला, त्याला आपण कोणाला मागे सोडून चाललो आहोत हेही कळेल.

विशाळगडावरून इशारतीच्या तोफा झाल्या की मुलूख पुन्हा मोकळा करावा. खेळाडू त्याच वाड्यांतून परत फिरेल, तीच दारे वाजवेल. काही दारे उघडतील आणि आतली माणसे त्याला विचारतील, ‘आमचा कुठं आहे?’ त्याचे उत्तर द्यायला मात्र कितीही वेळ मिळाला तरी तो अपुराच पडेल.