भाव आणि आठवण : हरवलेल्या बाजाराच्या लेखनासंबंधी

१

मराठीत 'भाव' हा शब्द दोन ठिकाणी नांदतो. साहित्यविचारात तो चित्तवृत्तीचा वाचक आहे, बाजारात तो किमतीचा. या दोन अर्थांचा सहवास एरवी आपल्या लक्षात येत नाही. परंतु नाहीशा झालेल्या बाजाराच्या आठवणी सांगणारे लेखन वाचताना तो नजरेआड करता येत नाही. अशा लेखनात पहिल्या अर्थाचा भाव ओसंडत असतो आणि दुसऱ्या अर्थाचा भाव क्वचितच सांगितला जातो. प्रस्तुत लेखाचे सूत्र या एका निरीक्षणात सामावलेले आहे. बाजाराची आठवण किमतीवाचून सांगितली की बाजाराचा देखावा तेवढा उरतो, व्यवहार उरत नाही. आणि व्यवहार वगळला की ज्यांच्या श्रमावर व गरजेवर तो बाजार उभा होता ती माणसेही देखाव्यात जमा होतात.

दिवाळी अंक, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या, शाळा-महाविद्यालयांच्या स्मरणिका यांतून हे लेखन सातत्याने येत असते. समीक्षेने त्याकडे प्रासंगिक म्हणून पाहिले आहे. पण त्याला एक निश्चित घाट आहे. वडिलांचे बोट धरून किंवा आईच्या पिशवीचा बंद धरून बाजारात जाणारे मूल हा त्याचा निवेदक. गरम भज्यांचा, गुळाच्या भेल्यांचा, नव्या कापडाच्या खळीचा वास हे त्याचे प्रवेशद्वार. मग डावीकडून उजवीकडे दुकानांची यादी, त्यांत एखादा विक्षिप्त पण प्रेमळ दुकानदार, आणि शेवटी रस्तारुंदी, मोटारींची दाटी, काचेची दालने पाहून टाकलेला उसासा. हा निवेदक मूल असणे ही केवळ चरित्रात्मक बाब नव्हे. मुलाला वस्तू दिसते, तिचा वास येतो, ती हवीशी वाटते; पैसे मात्र दुसऱ्याच्या खिशातून जातात. किमतीचे अज्ञान या दृष्टिबिंदूच्या मुळाशीच आहे. प्रौढ लेखक त्याची निवड करतो तेव्हा त्या अज्ञानाचीही निवड करतो.

२

परतवाड्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इमादशाहीची राजधानी राहिलेले अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, हे मूळ शहर. त्याच्या शेजारी हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती आणि छावणीच्या आश्रयाने वाढलेली वस्ती म्हणजे परतवाडा. 'अचलपूर कॅम्प' हे नाव त्या उगमाची खूण आहे. छावणी आली की सदर बाजार आला. पलटणीला धान्य, चारा, कापड, जोडे पुरवणारा हा बाजार गावगाड्यातून उगवलेला नव्हता. तो लष्करी गरजेने मांडलेला होता. १९०५ साली एलिचपूर जिल्हा अमरावती जिल्ह्यात विलीन झाला. जिल्ह्याचे ठाणे गेले, पण पेठ राहिली. कारण उत्तरेला मेळघाट होता. सागवान, बांबू, मोहफुले, चारोळी, डिंक, मध हे डोंगरातून खाली उतरणार आणि मीठ, तेल, कापड वर चढणार, त्या वाटेच्या तोंडाशी हे गाव आहे. कोरकू, वऱ्हाडी, उर्दू, हिंदी आणि मारवाडी या भाषा एका ओट्यावर ऐकू येण्याचे कारण हेच.

या इतिहासाचा स्मरणलेखनाला अडसर होतो. 'पूर्वीपासून' हा त्याचा लाडका शब्द. परंतु हा 'पूर्वी' नेमका केव्हाचा? रेमंड विल्यम्स यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजी साहित्यातील खेड्याच्या सुवर्णकाळाचा असाच माग काढला होता. प्रत्येक पिढी तो काळ आपल्या लगेच मागे असल्याचे सांगते आणि शोधणारा सरकत्या जिन्यावरून मागे मागेच जात राहतो. परतवाड्याच्या जिन्यावर आपण उतरू लागलो तर साठच्या दशकातील सायकली आणि बैलगाड्यांचा बाजार लागेल, त्याखाली शेर आणि पायलीचा बाजार लागेल, आणि शेवटी एक छावणी लागेल. अचलपूरच्या जुन्या पेठेतील एखाद्या व्यापाऱ्याला हा सदर बाजारच उपरा आणि आपल्या पेठेच्या मुळावर उठलेला वाटला असेल, अशी कल्पना करणे अवघड नाही. जे आज हरवले म्हणून हळहळ वाटते, तेही एका उलथापालथीनेच दिले होते.

एक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. ज्या पाश्चात्य संज्ञेसाठी आपण 'स्मरणरंजन' किंवा 'गतकातरता' हे शब्द वापरतो ती १६८८ साली योहानेस होफर या स्विस वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात घडवली. दूरदेशी चाकरीला गेलेल्या लोकांना, विशेषतः भाडोत्री सैनिकांना, होणाऱ्या घरओढीच्या आजाराचे ते नाव होते. म्हणजे ही मुळात छावणीतील व्याधी. आपल्याकडे तिचे दोन प्रतिशब्द झाले आणि त्यांत मोठे अंतर पडले. 'गतकातरते'त वेदना आहे. 'स्मरणरंजना'त करमणूक आहे. बाजाराच्या आठवणींचे बहुतेक लेखन स्वतःला पहिल्या वर्गात गणते आणि दुसऱ्या वर्गात मोडते.

वऱ्हाडात तर किमतीचे विस्मरण अधिकच विस्मयकारक आहे. भारतातील नियंत्रित बाजारपेठेचा आरंभ याच प्रदेशात झाला. १८८६ साली कारंजा येथील कापूसबाजार सरकारी हुकमाने नियमांखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. वजन, माप, दलाली आणि भाव यांविषयी लिखित नियम असलेली ही भूमी. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची 'शकुंतला' टाकली गेली तीही कापूस बंदरापर्यंत पोचावा म्हणून. खासगी कंपनीच्या मालकीची ही गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली; आता ती बंद आहे. तिच्यावरील लेखनात धूर आहे, शिटी आहे, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढण्याचे किस्से आहेत. कापसाची गाठ मात्र त्यात सहसा नसते. ज्या मालासाठी रूळ टाकले तो माल आठवणीच्या डब्यात चढतच नाही.

३

परतवाड्यात ८ जुलै १९१६ रोजी जन्मलेले गो. नी. दांडेकर हे आठवणीला कलारूप देणारे मराठीतील एक प्रमुख लेखक. 'स्मरणगाथा' या त्यांच्या आत्मकथनपर ग्रंथाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. किशोरवयातच स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी घर सोडले. पुढे गाडगेबाबांचा सहवास, नर्मदा परिक्रमा, दुर्गभ्रमंती असा त्यांचा प्रवास झाला. वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य त्यांनी 'पूर्णामायची लेकरं'मध्ये प्रकट केले. पण उजाड होत जाणाऱ्या वस्तीचा शोक मांडायची वेळ आली तेव्हा त्यांनी कोकणातले एक गाव निवडले. 'पडघवली'तील अंबूवहिनी घर, आगर, देव आणि माणसे यांच्या ऱ्हासाची कहाणी सांगते. तेथे शोकाला जागा आहे, कारण तेथे घर आहे. जन्मगावची पेठ अशा शोकाचा विषय झाली नाही.

ही एका लेखकाची मर्यादा नव्हे. मराठी साहित्यातील गतकातरता वाडा, आगर, नदीघाट, शाळा यांभोवती रुळली. या जागांशी आपले नाते मालकीचे किंवा आप्ततेचे असते. बाजाराशी ते तसे नसते. बाजार ही परक्यांनी परक्यांना भेटण्याची जागा. तेथे आपण आलो तो परत जाण्यासाठी. परतवाड्याच्या नावातील 'परत' या अक्षरांवर श्लेष करण्याचा मोह स्मरणलेखकाला होतोच, पण तो श्लेष उलटा वाचावयास हवा. बाजार हा परत येण्याचा मुक्काम नव्हे, परत जाण्याचा आहे. म्हणून बाजाराविषयी लिहिताना स्मरणलेखक त्याला आधी घर करून घेतो. दुकानदार 'काका' होतो, भाजीवाली 'मावशी' होते, उधारी 'विश्वास' होते. या नामांतरात खोटे काही नसेलही. गावात अशी नाती असतातच. परंतु काका झालेल्या दुकानदाराच्या खतावणीत कोणाचे नाव किती वर्षे राहिले, हा प्रश्न मग विचारता येत नाही. नात्याचा शब्द व्यवहारावर पांघरूण घालतो.

गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. दोन माणसे समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल पडतो, चेहरे निर्विकार राहतात आणि सौदा बोटांत होतो. आठवणींच्या लेखनात हे दृश्य येते ते गंमत म्हणून. रुमालाचा रंग, मिशीतले हसू, आश्चर्यचकित मूल. समीक्षकाला त्यात या लेखनाचेच रूपक दिसावे. रुमाल वर्णिला जातो. त्याखालची बोटे काय बोलली हे सांगितले जात नाही.

४

येथे आक्षेप येईल की, ललित स्मरणलेखनाकडून अर्थशास्त्राची अपेक्षा का करावी? मिखाइल बाख्तीन यांच्या राबेलेवरील ग्रंथाचा (१९६५) आधार घेऊन असेही म्हणता येईल की, बाजाराचे खरे वैभव त्याच्या भाषेत आहे. आरोळी, शिवी, थट्टा, अतिशयोक्ती यांनी अधिकृत भाषेची उतरंड मोडते, आणि लेखकाने हा कल्लोळ टिपला तर त्याचे काम झाले. या मताचे मोल मान्य करूनही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. बाख्तीन यांचा बाजारचौक उत्सवाचा आहे. आपला बाजार आठवड्याला भरतो आणि त्या दिवशी मीठमिरची घेतली नाही तर पुढचा आठवडा अळणी जातो. दुसरे असे की, आठवडी बाजारातील वाक्चातुर्य किमतीपासून वेगळे काढता येत नाही. घासाघीस हाच तेथला संवाद. किंमत वगळून बोली टिपणे म्हणजे सवालाशिवाय जबाब लिहून घेणे.

वऱ्हाडच्या कादंबरीने हे ओळखले होते. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) शिंप्याच्या घरातील कौतिक संसार सावरण्यासाठी जी झुंज देते तिच्यात बोली आणि पैशाची चणचण एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. मनोहर तल्हार यांच्या 'माणूस'मध्ये (१९६३) सायकलरिक्षा ओढणारा नायक आहे. त्याला रस्ता दिसतो तो अंतर आणि भाडे यांच्या हिशेबात. या कादंबऱ्यांत वास आणि रंग नाहीत असे नाही. ते पोटाच्या वाटेने येतात, इतकेच.

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी तर स्मरणरंजनाच्या वाटाच बंद केल्या. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) टोपल्या विणून विकल्या तर भाकर मिळते. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त (१९८७) बाजार आणि जत्रा ही खिसे कापण्याची, पकडले जाण्याची आणि मार खाण्याची जागा आहे. ज्या गर्दीत स्मरणिकेतला मुलगा आईचा हात सुटेल म्हणून भितो, त्याच गर्दीत दुसऱ्या मुलाची रोजी आहे. एकाच बाजाराच्या या दोन संहिता आहेत आणि पहिली वाचताना दुसरी शेजारी ठेवणे, हे समीक्षेचे किमान कर्तव्य ठरते.

परतवाड्याच्या संदर्भात ही दुसरी संहिता कोरकू माणसाची असेल. स्मरणलेखनात तो येतो. भडक रंगाचे लुगडे, चांदीचे दागिने, होळीनंतरचा फगवा या रूपांत येतो. त्याने आणलेल्या चारोळीच्या बदल्यात त्याला काय मिळाले, हे येत नाही. त्याची भाषा मुंडा कुळातील. ओट्यावरच्या आर्यभाषांशी तिचे नाते नाही. तेव्हा घासाघीस त्याला परक्या भाषेत करावी लागे. भाषेची ही विषमता किमतीत उतरत नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. बाजाराच्या बहुभाषिकतेचे कौतुक करणाऱ्या लेखनाने, या भाषांपैकी कोणत्या भाषेत भाव ठरत असे, एवढे तरी विचारावे.

५

तर मग हरवलेल्या बाजाराविषयी लिहूच नये काय? स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात गतकातरतेचे दोन प्रकार मानले. एक गेलेले जसेच्या तसे उभे करू पाहणारी, दुसरी गेलेल्याच्या अंतराविषयी चिंतन करणारी. बाजाराच्या संदर्भात आपल्याला तिसऱ्या शक्यतेचीही गरज आहे. तिला साक्ष म्हणावे.

याचे कारण साहित्याबाहेरचे असले तरी साहित्याला लागू आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणासाठी २०१४ साली संसदेने कायदा केला. राज्यांनी करावयाच्या योजनेविषयी त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असे म्हटले आहे की, पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्रेत्यांनी धंदा केलेले नैसर्गिक बाजार वारसा-बाजार म्हणून घोषित व्हावेत आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये. पन्नास वर्षे धंदा केल्याचा पुरावा फुटपाथवर बसणाऱ्याजवळ कोठून असणार? सातबारा नाही, भाडेपावती नाही. असलीच तर बाजारवसुलीची एखादी जीर्ण चिठ्ठी. उरते ती आठवण. कोण कोठे बसत असे, कोणाच्या आधी कोण बसे, काय विकले जाई, कितीला जाई, हे सांगणारे लेखन गेलेल्या मध्यवस्तीचा हुंदका न राहता आज तेथे बसणाऱ्याच्या हक्काचा आधार होऊ शकते. 'आमच्या वेळी येथे रम्य गजबज होती' या वाक्याने मात्र कोणाचीच जागा सिद्ध होत नाही.

लक्षणीय बाब ही की, साक्षीचे निकष आणि चांगल्या गद्याचे निकष येथे परस्परांजवळ येतात. दोहोंना नेमकेपणा हवा असतो. दोहोंना सांगणाऱ्याने आपण कोठे उभे होतो हे कबूल करावे लागते. ओट्यावर होतो की ओट्याखाली, मोजणारे होतो की मोजून घेणारे? ही कबुली आली की बालनिवेदकाचे अज्ञानही अर्थपूर्ण होते. आपल्याला किंमत ठाऊक नव्हती हे जाणणारा प्रौढ आवाज त्या मुलाशेजारी उभा राहतो आणि उसाशाची जागा विचार घेतो.

वऱ्हाडात रोजच्या भाजीबाजाराला गुजरी म्हणतात. परतवाड्यात किंवा अचलपुरात शिकणाऱ्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने स्मरणिकांतील हे लेखन अभ्यासाला घ्यावे, आणि ते वाचून झाल्यावर गुजरीत जाऊन तेथे जन्म काढलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईजवळ बसावे. 'पूर्वी कसे होते' असे तिला विचारू नये. त्या प्रश्नाचे उत्तर तिलाही आता ऐकून ऐकून पाठ झालेले असेल. पहिल्या दिवशी टोपलीत काय होते, ते कितीला गेले, आणि घरी जाताना पदराच्या गाठीत काय उरले, असे विचारावे.