सहा कामट्यांची समीक्षा

आशय, आकृतिबंध आणि अभिव्यक्ती हे तीन शब्द एका ओळीत दिसले की मी पान उलटतो. पण आमच्या चंद्रपूरच्या शाखेतल्या साहेबांनी परदेशातून मासे धरायची एक जुनी बांबूची काठी विकत आणली, दुरुस्त केली आणि स्टाफकडे अभिप्राय मागितला. साहेबांना अभिप्राय द्यायचा म्हणजे कारकुनालाही समीक्षक व्हावं लागतं.

आधी आकृतिबंध. हा अखंड बांबू नव्हे. सहा त्रिकोणी कामट्या तासायच्या आणि पाठीचा चिवट भाग बाहेर ठेवून चिकटवायच्या, की षट्कोनी काठी तयार. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ही कला वाढली तेव्हा बांबू आपल्याकडून जाई, ‘कलकत्ता केन’ या नावाने. तो बहुधा आपला भरीव मानवेलच, असं जाणकार मानतात. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकलं. १९५० साली अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, फायबरग्लासचं फावलं आणि बांबूची काठी हौशी लोकांपुरती उरली.

आशय मोठा गमतीचा. गळाला पिसांची खोटी माशी. तिला वजन नाही, म्हणून काठी फेकते ती दोरी. मासा लागलाच, तर पुष्कळ जण तो परत सोडतात. म्हणजे खर्च भरपूर, शिल्लक शून्य! शिवाय आम्ही बी. कॉम.ला जुन्या वस्तूवर घसारा धरायला शिकलो. इथे जुनेपणाचेच पैसे.

आता अभिव्यक्ती. साहेबांनी रेशमी दोऱ्याचे वेढे नवे घातले, ते ठीक. पण मूळ व्हार्निश खरवडून वर चकचकीत थर चढवला, तिथे जुना कारागीर पुसला गेला.

काठीचा बाक मात्र एका बुरुडाने निखाऱ्याच्या नुसत्या ऊबेवर काढला. काठी फिरवून तो म्हणाला, “ह्या त कामट्याच होत जी, साहेब. चिरला अन् पुन्हा जोडला कायले?” साहेबांनी काठीची किंमत मुकाट्याने मोजली होती, याच्या मजुरीतले दहा रुपये तेवढे घासाघीस करून कमी केले.

बांबूच्या माणसांशी आपला हिशेब असाच. १९२७च्या वन कायद्याने या गवताला झाड ठरवलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला आपल्या जंगलातला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. २०१७ साली बांबू झाडांच्या व्याख्येतून सुटला, पण त्याचा फायदा वनाबाहेरच्या बांबूला.

तेव्हा साहेब, अभिप्राय असा : काठी उत्तम, व्हार्निश जास्त, बुरुडाचे दहा रुपये देणे बाकी.